आखूड हँडल

उन्हाळ्यातली कालव्याच्या पाण्याची दुसरी पाळी सुरू झाली तेव्हा पाटकऱ्याच्या उजव्या खांद्यानं पुरता संप पुकारला होता. हात खाली लोंबत असेपर्यंत काही नाही. छातीच्या वर न्यायचा म्हटला की त्याचं तोंड वाकडं व्हायचं. जेवताना घास तोंडाकडे यायच्याऐवजी तोंडच घासाकडे जायचं. बायको समोर बसून हे बघायची, आणि त्याला वाटायचं, हिला दिसत नाही.

दिसत कसं नाही? तिला सगळं दिसायचं. कालव्यावर तिला सगळे वहिनी म्हणत आणि सव्वीस वर्षं ती त्या चौकीत राहत होती. चौकी म्हणजे कालव्याच्या भरावावर दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि तिथून वीस पावलांवर गेट. पाळी आली की गेट उघडून पहिल्या चारीला, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या पाटाला, पाणी सोडायचं, पाळी संपली की बंद करून पाणी खालच्या चाऱ्यांकडे जाऊ द्यायचं, एवढंच नवऱ्याचं काम. ऐकायला सोपं. पण ते गेट म्हणजे कमरेएवढ्या उंचीचा जाड लोखंडी पत्रा. त्याला आट्यांचा लांब दांडा, आणि वर चौथऱ्यावर तो दांडा वरखाली करणारं हँडल. हँडलचा एक फेरा पुरा केला की गेट जेमतेम बोटभर सरकायचं. उघडायला शंभर फेरे, बंद करायला पुन्हा शंभर.

पूर्वीचं हँडल लांब होतं. मधल्या दांड्यापासून दोन्हीकडे दीड-दीड हात. पाटकरी त्याला छाती लावायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारत शंभर फेरे घालून मोकळा व्हायचा. मग दोन वर्षांपूर्वी ऑफिसनं सगळ्या गेटांना एकसारखी नवी हँडलं पाठवली. पिवळ्या रंगाची, चकचकीत आणि निम्मी. पाऊण-पाऊण हात. लांब हँडलं भांडारात आडवी मावत नाहीत, असं कारण म्हणे. जुनी सगळी भंगारात गेली.

पहिल्याच दिवशी तिसाव्या फेऱ्याला पाटकऱ्याचा सदरा पाठीला चिकटला. तो तडक ऑफिसात शाखासाहेबांकडे, म्हणजे शाखा अभियंत्यांकडे, गेला.

"साहेब, गेट जड झालंय."

"गेट तेच, आटे तेच, पाणी तेच. जड कसं होईल?"

"हँडल आखूड आहे ना."

"आखूड म्हणजे फेरा लहान. तुम्हाला चाल कमी. उलट आरामच आहे की."

घरी येऊन त्यानं ते बायकोला जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाला, "बोलले त्यात खोटं काही नाही. चाल निम्मी झालीच आहे."

"मग घाम का दुप्पट येतोय?"

"तेच तर कळत नाही."

"कळत नाही काय? हे दार बिजागरीजवळ हात लावून लोटून बघा, आणि मग कडेला लावून लोटा. एवढ्या शिकल्या-सवरल्या साहेबाला दार कुठं धरून उघडायचं ते ठाऊक नाही?"

त्यानं खरंच दार दोन्हीकडून लोटून पाहिलं. पण पुन्हा साहेबांकडे काही गेला नाही. एकदा नाही म्हटलेल्या माणसाच्या दारात दुसऱ्यांदा उभं राहायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. वहिनीचा संताप होत असे तो याचाच.

वर्षभर त्यानं ते आखूड हँडल ओढलं. मग खांदा गेला.

खांदा गेल्याचं सांगायची सोय नव्हती. मागच्या वर्षी खालच्या चौकीवरच्या पाटकऱ्याला डोळ्यांवरून अपात्र ठरवलं आणि आठ दिवसांत चौकी खाली करायला लावली. त्याचं सामान भरावावर उघड्यावर पडलेलं वहिनीनं पाहिलं होतं. नवऱ्याच्या नोकरीचे चौदा महिने राहिले होते. चौदा महिने हा हात धडधाकट आहे असं जगाला वाटलं पाहिजे, मग पडेना का गळून.

म्हणून गेट ती फिरवू लागली. उजाडता उजाडता, रस्त्यावर माणूस दिसायच्या आत. तो भरावावर उभा राहून दोन्ही बाजूंना बघायचा आणि ती पदर खोचून हँडलला भिडायची. पहिल्या दिवशी चाळीस फेऱ्यांत तिच्या तळहातांची सालं निघाली. उरलेले साठ फेरे दोघांनी मिळून काढले, तीन हातांनी.

"हे असं होणार नाही," ती हाताला फडकं गुंडाळत म्हणाली. "मला पाइप आणून द्या."

"कसला पाइप?"

"हँडलवर चढेल असा. लांब. तेवढं तरी कराल का, की त्यालाही साहेबांची सही लागते?"

वेल्डरच्या दुकानामागे गंजलेला पाइप मिळाला. हँडलच्या एका बाजूवर तो बरोबर बसायचा आणि मधल्या दांड्यापासून टोकापर्यंत तीन हात भरायचा. पाऊण हाताचे तीन हात, म्हणजे चौपट. वहिनीनं टोकाला हात लावला आणि गेट हललं. तिनं पुन्हा लावून पाहिला. खरंच हललं, एका हाताच्या रेट्यानं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला हसू फुटलं.

फुकट मात्र काही नव्हतं. जोर चौथाई झाला तशी चाल चौपट झाली. चौथऱ्याच्या कडेकडेनं गोल, कठड्यापाशी अंग चोरून, पुन्हा गोल. शंभर फेरे म्हणजे गावापर्यंतचा निम्मा रस्ता. हाताचं दुखणं पायांत आलं, एवढाच काय तो फरक. पण पाय तिचे होते आणि ते मजबूत होते.

पाटकऱ्याला पाइप आवडला नाही. तो रोज बजावायचा, "बंद करताना शेवटचे दहा फेरे पाइप काढून घालायचे. नुसत्या हातानं."

"का पण?"

"खाली काही अडकलं असलं तर हाताला कळतं. पाइपाला कळत नाही."

"कळतं म्हणजे काय होतं?"

त्याला ते सांगता येईना. सव्वीस वर्षांत त्यानं त्या दांड्यातून गेटखालची काटकी ओळखली होती, दगड ओळखला होता, एकदा वाहून आलेली चप्पलसुद्धा. "हँडल बोलतं," एवढंच म्हणाला. वहिनी ऐकायची. शेवटचे दहा फेरे पाइप काढायची, हात सोलून घ्यायची आणि मनातल्या मनात त्या बोलणाऱ्या हँडलला शिव्या द्यायची.

पाळीच्या शेवटच्या दिवशी घोटाळा झाला. पहिल्या चारीची मुदत सकाळी संपणार होती आणि खालच्या चारीवरची पिकं माना टाकून उभी होती. उजाडायच्या आधीच खालची माणसं चौकीकडे यायला निघाली. सगळ्यांत पुढे टोकाचे काका. त्यांचं रान कालव्याच्या अगदी टोकाला, म्हणून हे नाव. पाणी सगळ्यांत शेवटी मिळायचं, म्हणून भांडायला ते सगळ्यांत आधी.

पाटकऱ्यानं लांबून माणसं पाहिली आणि त्यांना अडवायला पुढे झाला. वहिनीचे साठ फेरे झाले होते. वळणाच्या झाडाआडून तिला काकांचा आवाज ऐकू येत होता.

"बंद करतोस की नाही? का पहिल्या चारीवाल्यांनी चहा पाजला?"

"होतंय काका. बंद करूनच आलोय जवळजवळ."

"मग चल की, बघू दे."

"बघायचं काय त्यात? बसा, दम खा."

"बसायला आलो नाही मी!"

आवाज जवळ येऊ लागला. वहिनी जवळजवळ पळतच फेरे घालत होती. ऐंशी, पंच्याऐंशी. नव्वदाव्याला पाइप काढायचा होता. पाइप काढायचा, लपवायचा, मग दहा फेरे नुसत्या हातांनी, आणि ही माणसं आली वळणावर. तिनं पाइप काढला नाही. त्र्याण्णवाव्या फेऱ्याला हँडल थोडं जड लागलं. पळून पळून पायांत गोळे आलेत, त्यामुळे असेल, असं तिला वाटलं. तिनं आणखी अंग टाकलं.

खालून कण्हल्यासारखा आवाज आला. मग हँडल एकदम हलकं झालं आणि ती तोंडावर आपटता आपटता वाचली.

तिनं वाकून पाहिलं. गेटखाली वाहून आलेला लाकडाचा बुंधा अडकला होता. गेट त्यावर टेकलं होतं, आणि वरचा दांडा मधोमध वाकून धनुष्यासारखा बाहेर आला होता. खाली सात-आठ बोटांची फट राहिली होती आणि त्या फटीतून पाणी फेसाळत पहिल्या चारीत चाललं होतं. तिनं हँडल उलटं फिरवून पाहिलं. वाकलेला दांडा आट्यांतून वर येईना. ना वर, ना खाली.

एवढंच तिच्या हातून झालं की पाइप कालव्यात सोडून दिला. माणसं पोहोचली तेव्हा ती चौथऱ्यावर बसून पदरानं तोंड पुसत होती.

टोकाचे काका वाकून बघतच राहिले. त्यांची बोलती बंद झाली, आणि असं त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच घडलं असावं. मग ते पाटकऱ्याकडे वळले. भांडायला आलेल्या माणसाच्या तोंडून निघालं, "बाप रे! हे तू केलंस?"

पाटकऱ्यानं बायकोकडे पाहिलं. तिच्या पायांकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला.

शाखासाहेब दुपारी आले. तोवर खालच्या माणसांनी पोत्यांत माती भरून फट कशीबशी बुजवली होती. निम्मं पाणी मात्र चुकीच्या चारीत जाऊन बसलं होतं. टोकाच्या काकांचं रान या पाळीला कोरडं राहणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं आणि काका भरावावर उकिडवे बसून गवताच्या काड्या मोडत होते. त्यांच्याकडे बघायचं वहिनीला धाडस होत नव्हतं.

साहेबांनी दांडा पाहिला, हँडल पाहिलं. चौथऱ्याच्या कडेनं पडलेली गोल पायवाट पाहिली. मग खिशातून कागद काढून काही आकडेमोड केली. तरुण माणूस, हुशार होता. चौकीत आल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं.

"पाइप लावला होता. हो ना? तीनेक हातांचा."

पाटकरी खाली बघत राहिला. वहिनीला ते सहन होईना.

"लावला होता. आणि यांनी नाही, मी लावला. दांडा मी वाकवलाय, साहेब. यांना तर साधा तांब्या उचलवत नाही."

"अगं, तू गप्प बस."

"का गप्प बसू? तुमचं हँडल आखूड होतं म्हणून पाइप लावावा लागला. लिहा तसं. लांब हँडल होतं तेव्हा चोवीस वर्षांत दांड्याला कधी बाक आला नव्हता."

साहेबांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"वहिनी, तुमचं नाव लिहिलं तर बाहेरच्या माणसाकडून गेट चालवून घेतलं म्हणून यांची नोकरी जाईल. हँडलचं लिहिलं तर... ती हँडलं मंजूर मी केली आहेत. दोनशे गेटांना लावलीत."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. दुप्पट जोर लागतो ते."

"नववीच्या पुस्तकात आहे, वहिनी."

"मग हे विचारायला आले तेव्हा आराम आहे म्हणून सांगितलंत ते?"

साहेबांनी अर्ध्या तासात अहवाल लिहिला आणि वाचून दाखवला. सदर पाटकरी असामान्य शरीरशक्तीचा असून, अडथळा न ओळखता त्याने प्रमाणाबाहेर बळ वापरल्याने दांडा वाकला. ताकीद देण्यात येत आहे. बाकी काही नाही. ना कोणाची नोकरी, ना कोणाची मंजुरी.

पाटकऱ्यानं कागद घेतला. 'असामान्य शरीरशक्तीचा' या शब्दांपाशी तो जरा रेंगाळला, हे वहिनीच्या नजरेतून सुटलं नाही. मग त्यानं उजवा हात डाव्या हातानं उचलून टेबलावर ठेवला आणि सही केली. साहेब तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघत होते.

पंधरवड्यात ही गोष्ट कालव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. पाटकरी दुकानात गेला की लोक त्याला बसायला जागा द्यायचे. कोणी त्याचा दंड चाचपून बघायचं, आणि तो मोठ्यानं हसायचा. दंड कुठला चाचपतात तेवढं तो बघायचा, आणि डावा पुढे करायचा. घरी येऊन सांगायचा, "आज वेल्डर म्हणाला, असला माणूस पाहिला नाही."

"पाइप त्याच्याकडून आणला होतात ना?"

"हो."

"मग तोही एक वेडाच."

आणि मग ऑर्डर आली. कालव्याच्या तोंडाशी, जिथं धरणाचं पाणी कालव्यात शिरतं, तिथं बारा गेटं होती. एकेक या गेटाच्या तिप्पट. तिथल्या दोन माणसांना ती झेपत नव्हती. अहवाल वरपर्यंत गेला होता आणि वरच्या कुणाला तरी वाटलं, एवढा ताकदीचा माणूस एका गेटावर वाया चाललाय. महिन्याभरात हजर व्हायचं होतं.

वहिनीनं ऑर्डर दोनदा वाचली आणि कपाळाला हात लावला. मग चपला घातल्या, नवऱ्याला उठवलं आणि त्याला घेऊन थेट ऑफिस गाठलं. शाखासाहेबांना तिनं सगळं सांगून टाकलं. खांदा कधी गेला, घास कसा खातात, सगळं. साहेब ऐकून घेऊन म्हणाले, "अहो, मग आधी का नाही सांगितलंत? खांद्याचं दुखणं असलं तर हलकं काम देता येतं. पाण्याची पातळी वाचून वहीत लिहायची. तुमच्याच चौकीत राहून. फक्त डॉक्टरचा दाखला पाहिजे."

"त्या खालच्या पाटकऱ्याला घरी बसवलं ते?"

"त्याला दिसतच नव्हतं. पातळी कशी वाचणार?"

वहिनीला तिथल्या तिथं रडू फुटलं. रागानं. एवढे महिने तिनं हात सोलून घेतले, काकांचं रान वाळवलं, आणि एवढं सोपं होतं ते. साहेबांनी हळूच जोडलं, "अहवालात शक्तीचं लिहिलंय ते मी सांभाळून घेतो. दुखणं नंतर उद्भवलं म्हणतो. डॉक्टरांनी फक्त हात वर जात नाही एवढं लिहावं."

तपासणी सोमवारी सकाळी होती. वाटेत तिनं त्याच्याकडून चारदा घोकून घेतलं.

"डॉक्टर म्हणतील, हात वर करा. तुम्ही काय कराल?"

"करणार नाही."

"करणार नाही नव्हे. होत नाही म्हणा. खरं आहे तेच बोलायचंय. आयुष्यात एकदा तरी."

"होत नाही म्हणेन."

दवाखान्याच्या लांबट खोलीत बाकांवर आठ-दहा पाटकरी बसले होते, वेगवेगळ्या चौक्यांवरचे. पडदा नव्हताच. टेबलापाशी डॉक्टर, शेजारी खुर्चीवर शाखासाहेब. वहिनी दारातच थांबली. तिचा नवरा आत गेला तशी बाकांवर कुजबुज सुरू झाली.

"हाच का तो?"

"हाच. दांडा वाकवला तो."

"नुसत्या हातानं?"

"अरे, मनगटाएवढा जाड दांडा! मी बघून आलोय."

एक तरणा पाटकरी उठून उभाच राहिला आणि त्यानं त्याला बसायला आपली जागा दिली. पाटकऱ्याचे कान लाल झाले. त्याचं नाव पुकारलं गेलं. त्यानं सदरा काढून खुंटीला लावला, तोही डाव्या हातानं, आणि टेबलापुढे उभा राहिला. बाकांवरची सगळी माणसं पुढे झुकली.

"काय त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

पाटकऱ्यानं बाकांकडे एक नजर टाकली.

"खांद्याचं लिहिलंय इथं. उजवा हात वर करा बघू."

शाखासाहेबांनी त्याच्याकडे पाहून हळूच मान हलवली. वहिनीनं दारातून ओठ हलवले, होत नाही म्हणा, होत नाही.

पाटकऱ्यानं दात आवळले. मानेच्या शिरा तटतटल्या, कपाळावर घाम आला. आणि हात उचलला. छातीपर्यंत, खांद्यापर्यंत, कानाच्याही वर, सरळ. आणि तो तसाच धरून उभा राहिला.

बाकांवरून कोणीतरी "शाब्बास!" म्हणालं.

"उत्तम आहे की," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी लिहून टाकलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

तो बाहेर आला तेव्हा सदरा खांद्यावर नुसता टाकलेला होता आणि हात लाकडासारखा लोंबत होता. चेहरा पांढराफटक. वहिनीनं त्याला भिंतीच्या आडोशाला ओढलं.

"का उचललात? अहो, का उचललात हात?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वेदनेचं की कशाचं, देव जाणे.

"सगळे बघत होते गं," तो म्हणाला.

आतून पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. तिला वाटलं, याला इथंच सोडून निघून जावं. बारा गेटं, त्यांचे दांडे, तो फिरवू दे नाहीतर कालव्यात टाकू दे. ती दोन पावलं गेलीही. मग मागे वळली, त्याचा लोंबता हात धरून बाहीत घातला आणि सदऱ्याची बटणं खालून वर एकेक लावू लागली, कारण त्याला ती लावता येत नव्हती.